चार डिस्क, दोन आरसे आणि न हलणारं आयात-बटण: एका सर्व्हरच्या पुनर्मांडणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका संस्थेचे हिशेब आणि स्कॅन केलेली कागदपत्रं एकाच सर्व्हरवर होती. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. यंत्रावर लिनक्स, डेटाबेस पोस्टग्रेस, आणि आत ४ टीबीच्या चार सेटा डिस्क, फिरत्या तबकडीच्या, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून वापरणं. त्यासाठी वेगळं कार्ड नव्हतं. लिनक्समधलंच सॉफ्टवेअर रेड एमडीअ‍ॅडम या साधनाने बांधलेलं होतं. डिस्कचे चारही खण भरलेले, पाचवी डिस्क बसवायला जागा नाही. ही शेवटची बाब पुढे सगळ्या निर्णयांच्या आड आली.

सोयीसाठी डिस्कना अ, ब, क, ड म्हणू. अ आणि ब यांचा मिरर, म्हणजे रेड १, दोन्हींवर तोच डेटा: त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम आणि सुमारे ३०० जीबीचा डेटाबेस. क आणि ड यांचा दुसरा मिरर: त्यावर २.४ टीबी कागदपत्रं आणि डेटाबेसचा रोजचा बॅकअप. (बॅकअप त्याच पेटीत ठेवणं म्हणजे घराची दुसरी किल्ली त्याच जुडग्यात अडकवणं. तेही याच कामात सुधारलं.) मांडणी करणाऱ्याने काही चूक केली नव्हती. सुरुवातीला डेटाबेस लहान होता आणि दोन कामं दोन मिररवर वेगळी ठेवणं शहाणपणाचंच होतं. पुढे डेटाबेस वाढला, वापरणारी माणसं वाढली, मांडणी मात्र तीच राहिली.

तक्रार

आमच्यापर्यंत तक्रार एका वाक्यात आली: "महिनाअखेरीला सर्व्हर लटकतो." खोलात विचारल्यावर त्यातून तीन गोष्टी निघाल्या. महिन्याचा मोठा अहवाल निघायला चाळीसेक मिनिटं लागायची. तो चालू असताना बाकीच्यांनी नोंद भरून सेव्ह दाबलं की पडदा दहा-पंधरा सेकंद गोठायचा. आणि बाहेरून आलेली वीस हजार नोंदींची फाइल आत घ्यायला सहा-सात मिनिटं लागायची, मग महिनाअखेर असो वा नसो.

हे "महिनाअखेर असो वा नसो" मी वहीत लिहून घेतलं होतं आणि त्याकडे दुर्लक्ष केलं. तिन्हींना मिळून "डिस्क हळू आहेत" असं एकच नाव दिलं. या प्रकरणातली आमची सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली.

मोजल्यावर काय दिसलं

महिनाअखेरीला आयओस्टॅट हे डिस्कवरचा भार दाखवणारं साधन लावून बसलो. अ आणि ब जवळजवळ शंभर टक्के व्यस्त, प्रत्येक मागणीचा ताटकळण्याचा वेळ ६० ते ८० मिलिसेकंद. क आणि ड दोन-तीन टक्क्यांवर. निम्म्या डिस्क घाम गाळत होत्या आणि निम्म्या बसून होत्या.

यामागचं गणित सोपं आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, म्हणजे ४.२. डोकं योग्य पट्टीवर सरकायला आणखी आठेक. एकूण बारा मिलिसेकंद, म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या मागण्या एक डिस्क सेकंदाला सुमारे ८० भागवते. रेड १ मध्ये वाचन दोन्ही डिस्कवर वाटता येतं, म्हणून वाचनाला १६०. लिहिणं मात्र दोन्हीकडे करावंच लागतं, म्हणून लिहिण्याला ८०च. चारही डिस्क एकत्र आणल्या तर हे आकडे ३२० आणि १६० होतात. कागदावर सरळ दुप्पट.

पर्याय

सगळ्या डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्क, बसवणं हे उघड उत्तर होतं. पण त्या तिमाहीत तेवढ्या खरेदीला मंजुरी मिळणार नव्हती, म्हणून तो विषय पाच मिनिटांत संपला.

रेड ५ ची सूचना आतल्याच एकाने केली, "जागा जास्त मिळते" म्हणून. जागेची अडचण नव्हतीच. शिवाय रेड ५ मध्ये एक छोटी नोंद लिहायला जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत उभा करणारी जादा माहिती) वाचा, मग दोन्ही पुन्हा लिहा अशा चार खेपा होतात. रेड ६ मध्ये सहा. दिवसभर छोट्या नोंदी लिहिणाऱ्या डेटाबेसला हे झेपत नाही.

पोस्टग्रेसमधलं एफसिंक, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबणं, बंद करावं, हीही सूचना आली. ती येतेच. वेग खरोखर वाढतो, आणि वीज गेली की डेटाबेस कोणत्या अवस्थेत उठेल याची हमी संपते. हिशेबाच्या डेटाबेसवर हे करायचं नव्हतं.

डेटाबेसचा फक्त व्यवहार-लॉग (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती नोंदवही) रिकाम्या बसलेल्या क-ड मिररवर हलवणं हा आणखी एक मार्ग होता. अर्ध्या तासाचं काम, जोखीम नगण्य, नको वाटलं तर परत फिरता येतं. हा पर्याय आम्ही "तात्पुरती मलमपट्टी" म्हणून सोडून दिला. त्याबद्दल शेवटी.

राहिला रेड १०: चारही डिस्क दोन जोड्यांत, आणि डेटा त्या दोन जोड्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी पसरलेला. वापरता येणारी जागा आधीइतकीच, ८ टीबी. एक गोष्ट मात्र बदलते आणि ती ग्राहकाला आम्ही स्पष्ट सांगितली. दोन वेगळे मिरर असताना एका जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर एकाच बाजूचा डेटा जायचा, दुसरी बाजू वाचायची. रेड १० मध्ये एखादी पूर्ण जोडी गेली की सगळंच जातं. एक डिस्क गेल्यानंतर उरलेल्या तिघींपैकी तिची जोडीदारच घातक असते, हे दोन्ही मांडण्यांत सारखं. फरक नुकसान किती होईल यात आहे. त्यामुळे बॅकअप दुसऱ्या यंत्रावर हलवण्याच्या अटीवरच रेड १० ठरलं.

रेड १० ची रचना कोणती, यावरही थोडी चर्चा झाली. लिनक्समध्ये "निअर" (जवळ) आणि "फार" (दूर) अशा दोन मुख्य रचना. "फार"मध्ये सलग वाचन रेड ० (दुसरी प्रत न ठेवता डेटा डिस्कवर पसरवणं) सारखं वेगवान होतं, पण दुसरी प्रत डिस्कच्या दुसऱ्या टोकाला जात असल्याने लिहिताना डोकं लांब उड्या मारतं. आमचं काम विखुरलेल्या वाचना-लिहिण्याचं. निअर घेतलं.

स्थलांतर कसं करायचं

पुस्तकी मार्ग असा: सगळा डेटा बाहेर काढा, डिस्क पुसा, नवीन अ‍ॅरे (डिस्कचा रेड-संच) बांधा, डेटा परत आणा. आम्हालाही तोच आवडला असता. पण बाहेरच्या यंत्रावरून कागदपत्रांचा दहावा हिस्सा परत आणून पाहिला तर दोन तास लागले. लाखो लहान फाइली होत्या, नेटवर्कची वरची मर्यादा गाठायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे पूर्ण परत आणायला वीस तास. बंद ठेवायची मुदत होती शनिवार रात्री दहा ते रविवार संध्याकाळी सहा, तीही वीसच तास. चुकायला एक मिनिटही शिल्लक नाही.

म्हणून जागच्या जागी स्थलांतर ठरलं. प्रत्येक मिररमधून एक डिस्क काढायची, त्या दोघींवर अर्धवट रेड १० उभं करायचं, डेटा उतरवायचा, आणि शेवटी उरलेल्या दोन डिस्क त्यात जोडायच्या. या मधल्या काळात कुठल्याच डेटाला यंत्रावर जोडीदार प्रत नसते. त्यासाठी आठवडाभर आधी सगळा डेटा बाहेरच्या यंत्रावर नेला. डेटाबेस तिथे प्रत्यक्ष उघडून दोन महिन्यांच्या बेरजा जुळवून पाहिल्या.

तयारीत सापडलेली डिस्क

काढाकाढी करण्याआधी चारही डिस्कवर स्मार्टची, म्हणजे डिस्कमध्येच असलेल्या स्वतपासणीची, लांब चाचणी लावली. अ, ब, क पास. ड वाचनदोष दाखवून मध्येच थांबली, आणि तिच्या अहवालात वाचता न आलेले काही सेक्टर (तबकडीवरचे छोटे कप्पे) नोंदलेले होते.

रोजच्या कामात हे कोणाला दिसणं शक्य नव्हतं. ते सेक्टर जुन्या कागदपत्रांच्या भागात होते आणि तिकडे बराच काळ कोणी फिरकलं नव्हतं. आता आमची मूळ योजना बघा: क काढून नव्या अ‍ॅरेत घालायची आणि कागदपत्रांची एकमेव प्रत म्हणून ड ठेवायची. ही चाचणी केली नसती तर शनिवारी रात्री नकल करताना, मागे दुसरी प्रत नसताना, रसिंक हा नकल करणारा प्रोग्रॅम त्या सेक्टरवर येऊन अडखळला असता.

काम आठवडाभर पुढे ढकललं. ड बदलली, क वरून नवी ड भरून घेतली. ४ टीबी सेकंदाला १५० एमबीने भरायला साडेसात तास लागतात, तेवढेच लागले. मग योजनेतल्या भूमिकाही उलटवल्या. क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत नुकतीच वाचून झाली होती, त्यामुळे जुनी प्रत सांभाळायला ती सगळ्यात भरवशाची. नवी ड आणि ब या नव्या अ‍ॅरेत जाणार, अ आणि क मागे थांबणार.

शुक्रवार ते रविवार

रंगीत तालीम एका व्हर्च्युअल यंत्रावर केली आणि तिथेच एक फटका खाल्ला. चार जागांचं रेड १० दोन डिस्कवर उभं करताना उरलेल्या दोन जागा "मिसिंग" म्हणून द्याव्या लागतात. मी क्रम दिला: ब, ड, मिसिंग, मिसिंग. अ‍ॅरे सुरूच होईना. निअर रचनेत पहिली-दुसरी जागा ही एक जोडी आणि तिसरी-चौथी ही दुसरी. माझ्या क्रमात दुसरी जोडी पूर्ण रिकामी होती, म्हणजे निम्म्या डेटाला घरच नव्हतं. बरोबर क्रम: ब, मिसिंग, ड, मिसिंग. प्रत्यक्षात सर्व्हरवर हा आदेश देताना संस्थेच्या सर्व्हर-प्रशासकाने तो मोठ्याने वाचला, मी टंकला, आणि एंटर दाबण्याआधी दोघांनी सिरियल नंबर पुन्हा ताडून पाहिले.

शुक्रवारी रात्री ब आणि ड मिररमधून काढल्या, त्यांचे जुने सुपरब्लॉक (डिस्क कोणत्या अ‍ॅरेची हे सांगणाऱ्या नोंदी) पुसले, चौघींची विभागणी पुढे सारखी राहील अशी पार्टिशनं पाडली आणि नवं अ‍ॅरे उभं केलं. सर्व्हर चालू असतानाच रसिंकची पहिली फेरी सोडली. ती शनिवारी संध्याकाळी संपली. रात्री दहाला डेटाबेस थांबवून दुसरी फेरी केली. फक्त बदललेलं उतरवायचं असल्याने पाऊण तासात झालं.

मग यंत्र रीबूट केलं आणि ते उठलंच नाही. दीड मिनिट नव्या अ‍ॅरेची वाट पाहून थेट इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. रात्रीचा एक वाजला होता. पाहिलं तर अ‍ॅरे सुखरूप होतं, फक्त त्याचं नाव बदलून एमडी १२७ झालं होतं. नव्या अ‍ॅरेची नोंद एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिग फाइलमध्ये करून इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी चढणारी छोटी फाइल सिस्टिम) पुन्हा बनवायला मी विसरलो होतो, आणि कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडी (न बदलणारा ओळख-क्रमांक) न देता उपकरणाचं नाव दिलं होतं. दोन्ही दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. ही पायरी तालमीत निसटली, कारण तालमीत आम्ही रीबूट केलंच नव्हतं.

वादाचा निर्णय: जुन्या डिस्क केव्हा जोडायच्या?

रविवारी सकाळी अकरापर्यंत तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. आता अ आणि क नव्या अ‍ॅरेत जोडल्या की जोडीदार प्रती तयार व्हायला लागणार, पण त्यांच्यावरचा जुना डेटा त्याच क्षणी मिटणार.

प्रशासकाचं म्हणणं: "सोमवारचा एक दिवस लोकांना वापरू द्या. काही बिघडलं तर परत फिरायला जुनं असू दे." माझं म्हणणं: सोमवारी लोकांनी नोंदी भरल्या की जुनी प्रत शिळी होणार, तिच्याकडे परत फिरणं म्हणजे दिवसभराचं काम फेकणं. उलट तोवर आपण चालतो आहोत ते खऱ्या अर्थाने रेड ० वर, दोनपैकी कोणतीही डिस्क गेली की सगळं जाणार.

यंत्र त्यांचं, निर्णय त्यांचा. सोमवार संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं, पण डेटाबेसचा व्यवहार-लॉग सतत दुसऱ्या यंत्रावर पाठवायची सोय आधी करून घेतली. सोमवारी काहीही झालं नाही. मी आजही त्या निर्णयाच्या विरोधातच आहे. कोणी पुन्हा विचारलं तर चार तास तपासा आणि लगेच जोडा असंच सांगेन. सोमवारी रात्री दोन्ही डिस्क जोडल्या, मंगळवारी दुपारी रिबिल्ड, म्हणजे जोडीदार प्रती भरणं, संपलं. ऑपरेटिंग सिस्टिमचं छोटं पार्टिशन आता चारही डिस्कवर मिरर आहे आणि यंत्र बूट करणारं ग्रबही चारही डिस्कवर बसवलं आहे, म्हणजे कोणतीही डिस्क काढली तरी यंत्र बूट होतं. हे एकेक डिस्क बाजूला ठेवून पाहिलंही.

निष्पत्ती

पुढच्या महिनाअखेरीला अहवाल बावीस मिनिटांत निघाला. चारही डिस्क साधारण सारख्या व्यस्त, साठेक टक्क्यांच्या आसपास. सेव्हचं गोठणं दहा-पंधरा सेकंदांवरून दोन-तीनवर आलं.

फाइल आत घ्यायला मात्र सहा-सात मिनिटं. जशीच्या तशी.

हिशेब विभागाच्या मॅडमनी फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, खरं कुतूहल होतं: "मग केलं काय तुम्ही दोन शनिवार-रविवार?" उत्तर द्यायला मला एक दिवस लागला, कारण आयात करणारा प्रोग्रॅम मी तेव्हा पहिल्यांदा उघडला. तो प्रत्येक नोंदीनंतर कमिट करत होता. वीस हजार नोंदी, वीस हजार कमिट, एकामागून एक.

कमिट म्हणजे लॉग खरोखर तबकडीवर उतरेपर्यंत थांबणं. डिस्कला कॅश (तात्पुरती साठवण) असली तरी एफसिंक ती रिकामी करायला लावतं. एका धाग्याने कमिट, थांब, कमिट, थांब असं चाललं की त्याला सेकंदाला १२० फेऱ्यांची भिंत आडवी येते. फाइल सिस्टिमचं स्वतःचं जर्नल (तिचीही बदलांची नोंदवही) धरलं की प्रत्यक्षात पन्नासेक कमिट. वीस हजार भागिले पन्नास: चारशे सेकंद, पावणेसात मिनिटं. आकडा पहिल्या दिवसापासून आमच्यासमोर होता. चार काय, चाळीस डिस्क लावल्या असत्या तरी त्या एका धाग्याला एका वेळी एकाच जोडीची वाट पाहायची होती. रेड १० ने रस्ता रुंद झाला, पण हा प्रोग्रॅम एकच गाडी सोडत होता आणि ती परत आल्याशिवाय दुसरी सोडत नव्हता.

प्रोग्रॅममध्ये पाचशे नोंदींमागे एक कमिट असा बदल केला. वीस हजारांना चाळीस कमिट. आयात वीस सेकंदांच्या आत संपते.

एक उलटा परिणामही झाला. कागदपत्रं आणि डेटाबेस आता त्याच डिस्कवर असल्याने कागदपत्रांचा रात्रीचा बॅकअप लांबून सकाळच्या कामात घुसायला लागला. रसिंकला वेगमर्यादा घातली आणि सुरू होण्याची वेळ दोन तास अलीकडे आणली.

काय वेगळं करता आलं असतं

तक्रारी सुट्या करून प्रत्येकीला "ही कशाची वाट पाहते आहे?" असं विचारायला हवं होतं. अहवाल वाचनाची वाट पाहत होता, सेव्ह रांगेत अडकत होतं, आयात तबकडीच्या फेरीची वाट पाहत होती. तिसरीचा डिस्कच्या संख्येशी संबंधच नव्हता, आणि ती एका दुपारीत सुटणारी होती.

व्यवहार-लॉग क-ड वर हलवण्याचा पर्याय आधी करून पाहायला हवा होता. सेव्ह गोठायचं ते लॉगचं लिहिणं अहवालाच्या वाचनामागे रांगेत उभं राहायचं म्हणून. लॉग वेगळ्या डिस्कवर गेला असता तर सेव्हची तक्रार बहुधा तिथेच मिटली असती, आणि फक्त अहवालासाठी एवढा खटाटोप करायचा का हे संस्थेला शांतपणे ठरवता आलं असतं. कदाचित त्यांनी एसएसडीच्या मंजुरीची वाट पाहिली असती.

तालमीत रीबूट हवाच होता. आणि स्मार्टची लांब चाचणी आता दर महिन्याला आपोआप चालते, मिररची पूर्ण तपासणीही.

पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रशासकाने एक कागद चिकटवला आहे. त्यावर चारही डिस्कचे सिरियल नंबर, खणांचे क्रमांक, आणि कंसांनी जोडलेल्या दोन जोड्या: अ-ब, क-ड. खाली लाल शाईत लिहिलंय: "ब गेली तर ब च काढा. अ ला हात लावू नका."